तिकिटाच्या पाठीवर

कुणाला ऐकू, विचारतेस?
दे ते तिकीट इकडे. पेन्सिल आहे माझ्याकडे.
स्टॉर्नोवे यायला अजून दोन तास आहेत
आणि या बोटीवरचा चहा कुणाच्याच कामाचा नाही.

पहिली शोनाग मॅकफी.
दिवसा मेंढ्यांची डॉक्टर, रात्री फिडल.
तिचा गज तारेवर टेकतो तेव्हा वाटतं,
गोठ्याचं दार कुणी हळूच ओढून घेतलंय,
आत काहीतरी जन्मायचंय म्हणून.

मग ब्रिटनीचा रिवाल केरद्रेल. बॉम्बार्ड वाजवतो,
म्हणजे सनईची दांडगट थोरली बहीण.
साथीला ड्रम मशीन घेतो म्हणून म्हातारे चिडतात.
चिडू देत.
नाचताना त्यांचेही पाय कुठे अडतात?

केप ब्रेटनच्या दोघी जुळ्या,
एक पियानोवर, दुसरी फळीवर टाचा आपटत.
स्वयंपाकघरातच रेकॉर्ड केलंय सगळं, मागे फ्रिज घुमतो.
तो बंद केला नाही त्यांनी.
त्याच्याच सुराला पियानो लावून घेतला,
फुकटचा तंबोरा.

डोनेगलचा ओरान नुसत्या गळ्यानं गातो.
मध्येच थांबतो, इतका, की लोक टाळ्या वाजवतात.
तू वाजवू नकोस.
तो विसरलेला नसतो.
गाण्यातली बाई उंबऱ्याशी घुटमळतेय,
तिला वेळ देत असतो.

झालं.

हे खोडलेलं? काही नाही. ब्लॉनिद.
अकरा वर्षं एकाच गाडीतून हिंडलो,
एकाच थर्मासमधलं प्यायलो.
पेट्रोलच्या पैशांवरून फिसकटलं, असं आम्ही सांगतो.
गेल्या वर्षी तिचा अल्बम आला. मी विकत घेतला नाही.
पुतणीकडून आणून ऐकला, दोनदा.
खोटं कशाला बोलू, रोज ऐकतो.

तिसरी धून संथ आहे, जुन्या टेपवरून घेतलेली,
आमच्या शेडमध्ये केलेली, जानेवारीत, हातमोजे कापून.
दुसऱ्या फेरीनंतर ती श्वास घेते
आणि खुर्ची करकरते.
ती खुर्ची माझी.
माझी बासरी यायची होती तिथे,
आणि मी नुसता ऐकत बसलो होतो.

हल्ली एका बटणात निघतात असले आवाज.
तिनं काढला नाही.

धर ही पेन्सिल. तिचं नाव तू लिही.
खाली कोपऱ्यात कुठेतरी.
नको, तिथे चहा सांडलाय.
वर लिही.