खोली नंबर चार

कालिकेच्या यात्रेत, मौत का कुआँच्या डाव्या हाताला
पत्र्याचा भूतबंगला. तिकीट साठ रुपये.
खोली नंबर चारमध्ये मी असते.

कवट्या द्राक्षांच्या थर्माकोलच्या खोक्यांतून कापलेल्या,
एकीच्या टाळूवर अजून वाचता येतं : पिंपळगाव, ए ग्रेड.
कोळ्याची जाळी म्हणजे बागेवर पाखरांसाठी टाकतात ती,
दिंडोरीहून किलोवर आणलेली.
माझा विग रामकुंडावर उतरलेल्या केसांचा आहे
असं प्रल्हाद गिऱ्हाइकांना सांगतो.
नायलॉनचा आहे. मानेला घामोळं येतं.

दिवसा मी अंबडला स्विचच्या डब्या भरते,
संध्याकाळी चेहऱ्याला पांढरी पावडर फासते.
सांगाडा उठतो तो हवेच्या पाइपवर,
त्याचा वॉल्व्ह माझ्या पायाखाली.
पायानं दाबायचं, हातानं झडप घालायची,
आणि रेकॉर्डिंग बंद पडलं तर
स्वतःच्या गळ्यानं किंचाळायचं.
तीन कामं, रोज चारशे.

सिनेमातली भुतं बघत मोठी झाले मी.
ललिताताईंकडे व्हीसीआर भाड्यानं यायचा,
चादरीतून एक डोळा काढून बघायचो.
तेव्हा भीती वाटायची दाराची.
आता वाटतं, केवढं ते घर!
अकरा खोल्या, जिना, जिन्याखाली आणखी एक खोली,
विहीरसुद्धा स्वतःची.
आणि एवढ्या घरात एकटी बाई, तीही मेलेली,
ना डिपॉझिट, ना अकरा महिन्यांचा करार,
ना 'नॉनव्हेज करता का?'
ना 'मिस्टर कुठे असतात?'
नवं कुटुंब ट्रकमधून सामान उतरवतं
आणि तिला राग येतो.
मला तो राग कळतो.
सिडकोत तीन वर्षांत मी चार खोल्या बदलल्या,
एकीलाही माझी आठवण नसेल.
भूत व्हायला आधी घर लागतं.

मुलं येतात, आधीच हसत.
नवी नवरी येते, नवऱ्याचा दंड धरायला निमित्त म्हणून.
कॉलेजची पोरं भुताचा नंबर मागतात.
एका आजोबांनी माझी झडप चुकवून विचारलं,
'पोरी, मधे पाणी पितेस ना?'
त्यानंतरचे दोन खेळ
माझी किंचाळी नीट निघाली नाही.

सातव्या माळेला लाईट गेली.
सगळ्या यात्रेची. पाळणे वर अडकले,
कुआँतली मोटारसायकल गोल गोल खाली उतरली.
आमचा अंधार बनवलेला असतो,
लाल बल्बचा, फटीफटीतून मोजून सोडलेला.
हा तसा नव्हता.
आत सात जण. कुणी किंचाळलं नाही.
नुसते श्वास, आणि एक बारीक आवाज :
'मम्मी, भूत कुठे गेलं?'

मी म्हटलं, 'इथेच आहे मी. घाबरू नका.
उजवीकडे पत्रा लागेल, खिळा वर आलाय, जपून.
माझा हात धरा.'

थोडा वेळ कुणीच धरला नाही.
मग एक हात आला, चिकट, गोडीशेवेचा.
त्या हाताला दुसरा, त्याला तिसरा.
खोली तीन, खोली दोन, पाळण्यातली बाहुली,
मी त्यांना उलटं बाहेर आणलं,
कॅसेट मागे फिरवावी तसं.

दारात जुबेरभाई टॉर्च मारून मोजत होते.
तिकिटं सात. डोकी आठ.
पुन्हा मोजली. आठ.
त्यांचा चेहरा असा झाला
की अख्ख्या सीझनमध्ये मला कुणाचा तसा करता आला नव्हता.
'भाई, आठवी मी,' म्हटलं, आणि विग काढला.

पोरानं हात तरी सोडला नाही.
त्याची आई म्हणाली, 'सोड बाळा, त्यांना काम असेल.'

जनरेटर धडधडला. वरच्या पाळण्यांतून ओरडा झाला.
मी आत गेले, पायानं वॉल्व्ह चाचपला,
मग दगड शोधला
आणि पुढची रांग सुटायच्या आत
माझ्या खोलीतला तो खिळा ठोकून घेतला.