रिकामं नाही, शून्य

उम्म अल कुवैनची खाडी, पहाटे पावणेपाचची ओहोटी.
पप्पा पिकअप वाळूच्या कडेला लावतात,
एसी तसाच ठेवून म्हणतात,
जा, मी आहे.

प्राणिशास्त्र विभागाच्या दारावर नोटीस होती,
एका कोपऱ्यातून चिकटपट्टी सुटलेली:
दुसऱ्या वर्षाच्या तिघांना उन्हाळ्यात संशोधनाची संधी.
अर्जात विचारलं होतं, पोहता येतं का,
आणि उन्हात किती तास उभं राहू शकाल.
दुसऱ्यापुढे मी लिहिलं, वडिलांना विचारून सांगते.
बावीस वर्षं हमरियाच्या यार्डात आहेत ते.

चिखल पोटरीपर्यंत.
तिवरांची मुळं पेन्सिली खोचल्यासारखी वर.
रीम तिपाई रोवते, दुर्बीण पुसते, पुन्हा धूसर होते.
मी चौकट टाकून खेकड्यांची बिळं मोजते.
एकतीस.
दोन पावलांवर फक्त चार.
का?
डॉक्टर शम्सा म्हणतात, का ते नंतर बघू,
आधी किती ते सांग.

मग ते येतात, खेकडे खाणारे,
पांढरं अंग, काळी पाठ,
आणि चोच इतकी जाड
की बापाची चप्पल घालून निघालेलं पोरच.
पंधरा, मी लिहिते.

पप्पांनीही कणकवलीच्या कॉलेजात
बेडूक फाडला होता.
काढून ठेवल्यावरही हृदय चालूच होतं म्हणे, बशीत, किती तरी वेळ.
दुसऱ्या वर्षाच्या मध्येच व्हिसा आला.
पुस्तकं मावसभावाला दिली,
त्यानं ती वाचली की नाही, कधी विचारलं नाही.

जुलैत एक दिवस कुणीच आलं नाही.
चार तास. पाण्याची बाटली चहासारखी गरम.
मी रकाना मोकळा सोडला.
दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाई:
रिकामं म्हणजे कुणी गेलंच नव्हतं.
शून्य म्हणजे कुणीतरी उभं होतं.
मी शून्य काढलं, जरा मोठंच,
रकान्याच्या रेषेला टेकलं.

परतताना पप्पा म्हणाले,
मंगळवारी सतरा होते ना?
पंधरा, मी म्हटलं.
दोन तिवरामागे गेले, तुझ्या बाजूनं दिसले नसतील.
आणि सन व्हायझरमागून काढली
पेट्रोलच्या बिलांची चळत,
पाठीवर देवनागरी आकडे, तारखा, भरतीची वेळ.
कालच्या बिलावर गोल, न डगमगलेला,
माझ्यापेक्षा लहान.

आता अहवालात निरीक्षक क्रमांक दोन लागेल.
नाव: गजानन तिर्लोटकर.
पद्धत: गाडीतून, काच पुसून.
पात्रता?
सिग्नल लाल होता. पेन दे, म्हणाले,
फॉर्म स्टिअरिंगवर ठेवला,
टोपण दातात धरलं.
मागचा हॉर्न वाजवायला लागला
तरी रकान्याकडेच बघत होते.