खापर

दोन वर्षांची फाइल, कापडदुकानाच्या पिशवीत.
कोकिळाबाई रात्री तीनदा उठतात, पहाटे पुन्हा.
जंत नाहीत. थायरॉइड ठीक.
खालून घातलेली दुर्बीण कोरी परत आली.
"तिखट टाळा, काळजी करू नका,"
चार डॉक्टरांनी लिहिलंय, चार अक्षरांत.

नखं बघितली. चमच्यासारखी खोलगट.
बरं कधी वाटलं होतं?
त्या बोटं मोजत राहिल्या.
"धडगावला, बहिणीकडे. महिनाभर
ज्वारी नि मोरभगर.
तिखट तर तिथं जास्तच."

मग वरून दुर्बीण, आतड्याचा कणभर तुकडा.
अहवालात लव झिजलेली,
मखमलीचं मांजरपाट झालेलं.

गहू बंद, मी म्हणालो. बट्टीसुद्धा.
त्या गप्प.
अमळनेरच्या निम्म्या लग्नांत मांडे त्यांचे:
कोपरापर्यंत कणीक,
हातांवर फिरत फिरत
उपरण्याएवढा होऊन खापरावर पडणारा मांडा.

"मन्हा हातस्नं आते काय करू?"

मी लिहिलं: करावे, खाऊ नये.
नाकातोंडाला फडकं.
खाली सही केली, दुसरं सुचलं नाही.

आखाजीला दवाखान्यात एक मांडा आला,
वर्तमानपत्रात, अजून कोमट.
आणणारा पोरगा दारातच उभा:
"आजीनं इचारेल शे,
लुसलुशीत व्हयना का?"