लांबी

आठ बाय सहा. समितीचा नियम.
रॉदरहॅमच्या या उतारावर, रुळांच्या अंगाला,
त्याहून मोठं काचघर कुणी बांधायचं नाही.
पहिल्या वर्षी मीही बांधलं नव्हतं.

टॅनर्स रो पाडत होते तेव्हा
मुकादमाला सिगारेटचं पाकीट दिलं
आणि अकरा खिडक्या चढावरून आणल्या,
ढकलगाडीच्या तीन खेपांत.
अकरांची मापं अकरा.
गुण्या लावला की गुण्याच खोटा वाटावा.
ओळंबा तेवढा सरळ,
त्याला कुणाचंच घर माहीत नाही.

खाली फुटपाथच्या फरशा.
वर परांचीच्या फळ्या, परक्या भिंतींचे रंग अंगावर घेऊन आलेल्या.
पन्हळ शाळेची, पिंप साबणाच्या कारखान्याचं
(पहिला उन्हाळाभर टोमॅटोंना लव्हेंडरचा वास).
दार एकतीस नंबरचं, पितळी टपालफटीसकट.
त्या फटीतून एक रॉबिन आत येतो,
सगळं नीट तपासतो,
आणि काही न बोलता निघून जातो.

शेजारच्या वाफ्यावरचा डिल्विन म्हणाला,
'हे काचघर नाही, अख्खी गल्ली आहे,
तोंडं आत वळवून बसलेली.'
माझ्या घराची एकही खिडकी यात नाही.
माझं घर उभं आहे अजून, प्लास्टिकच्या चौकटींत,
ज्यांना लांबी लागत नाही.

जुनी लांबी दगड झालेली असते.
पटाशीनं उडवायची, हलक्या हातानं,
नाहीतर काच तडकते आणि दिवसही.
एका कोपऱ्यात अंगठा निघाला,
कुणा काचवाल्यानं दाबलेला,
माझ्या आज्याच्या वेळचा असेल.
मध्ये एक चीर: कापल्याची जुनी खूण.
तो कोपरा मी उडवला नाही.
काच तिथे जरा ढिली बसते. वाजते वाऱ्यात.

मग लोकांनी सुरुवात केली.
रात्री फाटकाशी कुणीतरी
मांजराची पिल्लं सोडावीत तशा खिडक्या सोडून जाऊ लागलं.
बाथरूमची, गोठल्या काचेची.
एक बसची, 'के + आर' ओरखडलेली;
मी बावीस वर्षं डेपोत होतो,
ती ओरखडणारी पोरं बहुतेक मीच खाली उतरवली असतील.
यांना नाही म्हणायचं म्हणजे कसं?
वाढवलं. दोन फूट. मग अजून तीन.
जुनी भिंत आत आली, एकतिसाचं दार
आता एका उबेतून दुसऱ्या उबेत उघडतं.

एप्रिलात ग्वेंडा ऑक्रॉइड आली, समितीची चिटणीस,
टेप आणि छापील तक्ता घेऊन.
एक टोक मी धरलं. धरणारच, शेजारधर्म आहे.
ती बाथरूमच्या काचेपाशी थांबली,
काचेतल्या नेच्यांच्या नक्षीवरून बोट फिरवलं,
कुणाची म्हणून विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही; मला ठाऊकच नव्हतं.
'तेरा,' ती म्हणाली, आणि रकान्यात लिहिलं.
'इथे सही कर.'

हात लांबीनं माखलेले. तागाच्या तेलाचा वास.
पेन निसटलं, अंगठा टेकला,
नेमका रकान्यावर: लांबी.
लांबीवर लांबी.
पुसायला गेलो तर आणखी पसरली.

ग्वेंडानं कागद उजेडात धरला.
तेरा होते की आठ, आता देवच जाणे.
'वाळायला किती लागतं याला?'
'तीन आठवडे. ओल असेल तर जास्त.'
'बैठक पुढच्या मंगळवारी आहे,' ती म्हणाली
आणि घडी न घालता तक्ता पिशवीत ठेवला.

गेल्यावर मी केटल ठेवली.
काकडीचा पहिला तंतू सुतळी सोडून
बसच्या खिडकीच्या हँडलला गुंडाळला होता,
दोन वेढे, घट्ट,
पुढच्या थांब्याला उतरायचं असल्यासारखा.
फाटकाशी कुणीतरी काहीतरी ठेवलं.
काचेचाच आवाज.