उसना सोफा

नाटकात पाच मजले आहेत. आमच्याकडे एकच पडदा,
त्यावर रंगवलेली लिफ्ट, जिचं दार उघडत नाही.
लेखक वडशाचा. भावाच्या मुतखड्यापायी
आठ दिवस मुंबईत राहिला होता, इस्पितळासमोरच्या लॉजवर.
खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं शहर त्यानं लिहिलं:
एकाच जिन्यानं चढणारी माणसं,
एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकलेली डोकी,
आणि कोणाला कोणाचं आडनाव ठाऊक नाही.

मी प्रॉम्प्टर. विंगेत बसतो.
कानाला मफलर, गुडघ्यावर वही, हातात बॅटरी.
सगळ्यांची वाक्यं आधी माझ्या तोंडून जातात,
नवऱ्याची, बायकोची, दूधवाल्याची,
मेलेल्याचा शेवटचा खोकलासुद्धा.

कोसमटोल्याला दिवसा शंकरपट झाला.
रात्री नऊचं नाटक साडेअकराला उठलं,
धान कापलेल्या बांधीत. खाली तणस, वर दव.

सोफा कंपनीचा नसतो. सोफा गावाचा.
ह्या गावात एकच होता, हरिदास कापगतेकडे,
मरून रंगाचा, प्लास्टिकसकट,
वनिताच्या लग्नात द्यायला गोंदियाहून आणलेला.
लग्न मोडलं हळदीच्या आदल्या दिवशी.
दुकानदार म्हणाला, माल परत घेत नाही.
तीन वर्षं त्यावर कोणी बसलं नाही.
खोलीत पोती रचली,
त्याच्याभोवती वाट ठेवून.

पहिला अंक गेला. दुसरा गेला.
पाचव्या मजल्यावर एकटी राहणारी शालू
मधल्या वेळात मागं जाऊन बाळाला पाजून आली.
तिसऱ्या अंकात म्हातारा मरतो, तीन दिवस कोणाला कळत नाही.
उद्धव नाकाडे खोकला,
छाती धरून सोफ्याकडं वळला,
आणि पहिल्या रांगेतून कापगते उभा राहिला.

"मढं नको गा त्याच्यावर!
बसाले देल्ला होता मी. मढं नको."

उद्धव अर्धा वाकलेला, तसाच राहिला.
जनरेटर तेवढा बोलत होता.
वहीत ह्या जागेला वाक्य नव्हतं.
मी पान उलटलं, पुन्हा मागं आलो.

मग बायांच्या अंगानं, दोरीच्या पलीकडून,
फार मोठ्यानं नाही:
"निजू द्या बाबा. कोणी तं पाठ टेकू दे त्याले."

ऑर्गनवर बोरकरमामाचे हात थांबले.
ज्या देवरीच्या पोरानं हे लग्न मोडलं
तो ह्याच मामाचा भाचा,
हे मला त्या रात्री कळलं.
वीस वर्षं आम्ही एका गाडीनं फिरतो,
एका ताटात जेवतो.

उद्धव निजला. प्लास्टिक करकरलं.
पिवळा दिवा म्हणजे दिवस, निळा म्हणजे रात्र.
पिवळा. निळा. पिवळा.
मागच्या दोन गावी लोक इथे हसले होते,
तीन दिवस कळत नाही म्हणजे काय, म्हणून.
इथे कोणी हसलं नाही.
तिसऱ्या निळ्याला एक म्हातारी म्हणाली,
"उठवा ना गा त्याले कोणी."
शालूनं लिफ्टकडं पाहिलं. दार रंगवलेलं.
मी तिला वाक्य दिलं. तिनं घेतलं नाही.
ती खाली बसली आणि त्याचे पाय दाबत राहिली,
पडदा पडेपर्यंत, आणि पडल्यावरही थोडं.

पहाटे पैशांचा हिशेब. कापगते प्रत्येक पायाला हात लावून
सोफा मोजून घेत होता, जणू पाच असतील.
हातावर उद्धवच्या मानेची पावडर लागली होती,
ती वनितानं पुसू दिली नाही.
मामा चहाचा ग्लास घेऊन तिच्याजवळ गेला,
उभा राहिला,
चहा तिला न देता स्वतःच पिऊन परत आला.

सोफा ट्रॉलीत चढला. तोल जाईल म्हणून
कोणीतरी बसायला हवं होतं.
ती बसली.
बांधीवरून ट्रॅक्टर उसळत गेला,
ती दोन्ही हातांनी काठ धरून, पाठ न टेकता.
पुढच्या वळणापर्यंत मी पाहिलं.
तिथे तुरीचं शेत आडवं आलं.

ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.
पुढच्या गावी सोफा हिरवा होता, सरपंचाचा.
शालूला दिलं, तिनं म्हणून पाहिलं.
म्हणाली, राहू दे.