सात नंबर, आठ नंबर

शहाद्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कपाटाची किल्ली
सव्वीस वर्षं माझ्या करदोट्याला.
वरच्या फळीवर ससा, भुसा भरलेला,
कसरीनं खाल्लेला कान मीच फेव्हिकॉलनं चिकटवला.
खाली बरणीत समुद्रकाकडी,
भरताचं वांगं भाजून चुलीतच विसरावं तशी.

मे महिन्यात बरणीतलं फॉर्मालिन उतरतं.
मी वरून ओततो. डोळे चुरचुरतात.
तिला डोळेच नाहीत.

परीक्षेला दोघं टेबलावर. सात नंबर, आठ नंबर.
बाहेरगावचे परीक्षक पंख्याखाली घामेजलेले.
फरक सांग, म्हणाले रमिला पावराला.
धडगावच्या वरच्या पाड्यावरची पोर,
समुद्र तिनं पाहिलेला नाही.
मीही नाही.

ससा बीळ करत नाही, सर.
ढेकळांत अंगापुरता खळगा, तेवढंच घर.
पिल्लू जन्मतं तेच उघड्या डोळ्यांनी,
लगेच पळायचं असतं ना.

आणि ही?

ही पळत नाही.
कुणी धरलं की आतडं बाहेर टाकते.
धरणारा त्यात गुंततो,
ही तिथंच. पोकळ.
मग हळूहळू नवं आतडं शिवते.

'शिवते' हा शब्द पुस्तकात नाही, सर हसले.
बरं, साम्य?

ती बराच वेळ गप्प.
ससा एकदाच ओरडतो, सर, धरल्यावर,
तान्ह्या बाळासारखा.
हिचं माहीत नाही.

साम्य विचारलं मी.

माहीत नाही, सर.

पाचातले तीन.

माझा भाऊ धुडकू एका रात्रीत सुरतेला गेला,
चप्पलसुद्धा दारातच.
अजून फोनवर म्हणतो, तू बी ये ना सुरतले.
मी इथंच राहिलो.
आईच्या पाटल्या, गोठ्यामागचा तुकडा,
बोलण्यातला 'नाही',
एकेक बाहेर टाकत.
पुन्हा उगवलं का?
काही उगवलं.
पाटल्या नाही.

संध्याकाळी स्टँडवर रमिला भेटली,
धडगावची गाडी लागायची होती.
विचारलं, पोरी, पळालेला ससा
त्याच खळग्यात परत येतो का गं?

येतो, काका, ती म्हणाली.
पिशवी खांद्यावर चढवत पुढं म्हणाली,
पण तोच का दुसरा,
कोण बघायला जातंय.