साचा

अजून दीड वर्ष हाय की, आई म्हणाली,
आत्तापासनं कशाला?
बाबा म्हणाले, साचा वाळूत असतानाच बघायचा असतोय.
एकदा लोखंड ओतलं
की मग काय बघूलालीस?

आणि उद्यमबागेतला रविवारचा ओव्हरटाइम सोडून
ते माझ्याबरोबर निघाले,
लग्नाकार्याचा शर्ट घालून,
खिशाला पेन लावून. पेनात शाई नव्हती
हे नाव लिहिताना कळलं.

हॉल गार. पडद्यावर हिरवळ,
हिरवळीवर हसणारी मुलं,
कुणाच्याच चपलेला कडोलीची काळी माती नाही.
आधी इंग्रजी, मग कन्नड, मध्ये बिस्किटं.
बाबांना कामापुरतं कन्नड येतं:
भट्टी, वाळू, पगार, साहेब, उद्या.
'प्लेसमेंट' आलं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मी मान हलवली
जसं काही मला माहीतच होतं.

काही विचारायचंय का, म्हटल्यावर
टिळकवाडीच्या एका मुलानं असं काही विचारलं
की सर खूश झाले.
मग बाबा उभे राहिले.
'लास्ट बस एष्टक्क ऐत्री?'

हॉल हसला. वाईट हसला नाही,
पण हसला.
मी पुढच्या खुर्चीवरचा नंबर वाचत राहिले,
एकशे चौदा, एकशे चौदा.
वसतिगृह आहे की, स्टेजवरून उत्तर आलं.
बाबा म्हणाले, हां,
आणि बसताना खुर्ची वाजू नये म्हणून हातानं धरली.

बाहेर पडताना वायरी गुंडाळणारा एक माणूस
मान वर न करता बोलला,
कडोलीची सव्वाआठला.
गुरुवारी भरवसा नाही.
त्या दिवसाची तेवढीच माहिती
मला न लिहिता पाठ आहे.

दिवाळीनंतर कोल्हापूर.
अर्जावर दोन चौकोन: राज्यातील, राज्याबाहेरील.
टेबलामागच्या ताईंनी माझं पेन थांबलेलं बघितलं,
बेळगाव ना? मग दुसरा.
आणि अगदी मनापासून म्हणाल्या,
बाहेरच्या असून मराठी किती छान बोलता हो तुम्ही.

बाबा निपाणीपर्यंत हसत होते.
संकेश्वरला गप्प झाले.
हत्तरगीला म्हणाले, आमच्या शाळेतल्या बाईंना
सांगायला पाहिजे हे.
बाई जाऊन बारा वर्षं झाली.

धारवाडला त्यांना सुट्टी मिळाली नाही.
मी आणि सहना हुक्केरी, दोघीच.
तिनं कन्नडात ऐकलं, मी तिच्या तोंडाकडे बघून ऐकलं,
परतताना जुळवून बघितलं तर
तिच्या कॉलेजात एक मजला जास्त होता.

तिथं मी हात वर केला.
घोकून नेलेला प्रश्न फीबद्दल होता,
तोंडातनं निघाला दुसराच:
प्रॅक्टिकलला एका मशीनवर किती जणं?
मॅडमनी पडद्याकडे बघितलं.
पडद्यावर ग्रंथालय होतं, रात्रीचं, दिवे लावलेलं.
बघून सांगते, म्हणाल्या.
कुणी हसलं नाही.
मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त अवघड गेलं.

घरी आईनं माहितीपत्रकं फडताळात अंथरलीत.
यात शेंगा बांधता येत नाहीत, ती कुरकुरते,
कागद नुसता घसरतोय.
हळदीच्या डब्याखालून एक मुलगी
टोपी हवेत उडवते.
धारवाडचं तेवढं मी काढून घेतलं,
का, ते अजून ठरलेलं नाही.

बाबा रात्री उशिरा आले, नखांत काळी वाळू,
हात धुता धुता विचारलं,
मग? किती म्हणाले एका मशीनवर?
बघून सांगतो म्हणाले.
बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला.
म्हणजे लई असणार, म्हणाले,
पण विचारलीस ते बेस केलीस.

मग आईकडे वळून,
पुढचा रविवार कुठला गं?